सुस्तु

जिना सतरा पायऱ्यांचा.
शहापूरच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानावर
डॉक्टर हत्तरगींचा दवाखाना.
पहिल्या दिवशी मी चौथ्या पायरीवर बसले, ती बसलेच.
कंपाउंडर वरून ओरडला, नंबर जाईल वो तुमचा.
डॉक्टरच खाली आले, चष्मा कपाळावर,
माझ्याखालच्या पायरीवर टेकले
आणि तिथंच नाडी धरली.

चिकनगुनियाला दोन वर्षं झाली होती.
ताप गेला, जाताना काहीतरी सोबत घेऊन गेला.
रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल,
छातीचा फोटो तर इतका स्वच्छ
की दादा म्हणाला, फ्रेम करून लाव.
वडगावात आमच्या भिंतीपलीकडं चार माग,
दिवसभर खटक्‌-खटक्‌.
मी कांड्या भरायची, दिवसाला तीनशे.
मग शंभर. मग वीस.
मग केस विंचरून झाले
की दुपारपर्यंत आडवी.

डॉक्टरांनी वहीत कन्नडात एक शब्द लिहिला.
काय लिहिलासा?
'सुस्तु,' म्हणाले, 'तुमचं दुखणं.'
मला हसू आलं. मग नको तेवढं रडू.
हाच शब्द, उकार गळालेला,
वहिनी रोज भिंतीला ऐकवते:
सुस्त पडलीया बघ, अजगरासारखी.

गोळी मात्र त्यांनी दारुड्यांची दिली.
लपवलं नाही.
हे दारू सोडवायचं औषध. त्यांना आख्खी गोळी.
तुम्ही ती पन्नास मापं पाण्यात विरघळवायची,
रात्री त्यातलं एक माप.
पुस्तकात असं नाही.
माझ्याकडं फक्त ही वही आहे, नऊ जणांची:
चौघांना बरं वाटलं, दोघांना नाही,
तिघं परत आलेच नाहीत.
चालतंय का बघा.

औषधाच्या दुकानातला पोरगा चिठ्ठी बघून पुढं वाकला:
घरात कोण पितंय वो, मावशी?
मीच, म्हटलं.
त्यानं काळी पिशवी दिली.

पहिला आठवडा नुसती स्वप्नं,
इरकलीच्या काठासारखी लाल.
सगळे माग चालू आणि एकावरही सूत नाही.
अकराव्या आठवड्यात एका सकाळी
मी उभ्यानं चार भाकऱ्या केल्या.
कुणाला सांगितलं नाही,
सांगितलं की उतरते म्हणतात.
तिसऱ्या दिवशी तशीही उतरली.
डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं,
भाकऱ्याही, पडणंही.

मग हात थरथरणाऱ्यांची पाव गोळी,
मग कसलीशी अॅलर्जीची, दोन महिने.
माझ्या डब्यात दुसऱ्यांचे आजार साठत गेले
आणि माझ्या आजाराची म्हणून एक गोळी नाही.

येळ्ळूरच्या मास्तरीणबाई वर्षभर घेऊन
एकदा तावातावानं आल्या:
पैसे गेले, केस गेले, गुण काडीचा नाही.
डॉक्टरांनी ऐकून घेतलं.
त्यांच्या पानावर 'नाही' लिहिलं,
मराठीत, मोठं,
त्यांना वाचता यावं म्हणून.
त्या दिवशी माझा या माणसावर
विश्वास बसला. औषधावर अजून नाही.

मोठ्या दवाखान्यातले हसतात त्यांना.
बेंगळुरूहून नोटीस आली आहे म्हणे.
कंपाउंडरनं ती बिलांच्या तारेत खुपसून ठेवली आहे,
विजेच्या बिलाखाली.

बरी नाही झाले मी.
चांगल्या दिवशी साठ कांड्या,
वाईट दिवशी आढ्याचे वासे.
वहिनी म्हणते ते म्हणतेच,
मी उकार लावून ऐकते.

परवा अकरावी पायरी.
बसले, भिंतीला डोकं टेकून.
ते आले खाली, वही काखेत,
गुडघ्यावर हात ठेवत एक-एक पायरी.
एष्टु?
अकरा.
लिहिलं त्यांनी. मग उठले नाहीत लगेच,
त्यांनाही दम लागला होता.
खाली भांडीवाला पातेलं ठोकून दाखवत होता गिऱ्हाइकाला
आणि वरून कंपाउंडर,
पुढचा नंबर कोण आहे वो?