काचेचं कौल

मी कौलं शाकारतो. विसरवाडीपासून रंगावलीच्या काठापर्यंत
निम्म्या घरांची पाठ माझ्या हाताखालून गेलीय.
म्हणून ती गोष्ट ऐकताना मी दरवेळी अडतो:
चौघांनी छप्पर उसवलं,
दोर लावून खाट खाली सोडली, थेट प्रभूच्या पुढ्यात,
पक्षघाती उठला, खाट उचलून घरी गेला.
मंडळी आमेन म्हणते.
मी मनात विचारतो, मग ते भगदाड कोणी बुजवलं?

टबीथा नऊ वर्षांची आहे.
तिच्या रक्तात विळे आहेत.
धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवले,
निम्मं तुमच्याकडून आलंय, निम्मं आईकडून.
मी माझ्या हातांकडे पाहिलं.
इतकी वर्षं भात कापला,
कधी बोटाला लागलं नव्हतं.

थंडी पडली की विळे चालू लागतात,
गुडघ्यात, कमरेत, बरगडीत.
ती ओरडत नाही.
खाटेचा सुंभ दातांत धरते.

सुगी संपली तेव्हा सभेला एक भाऊ आले, लांबून,
पांढरे बूट, कर्णा सागाला बांधलेला.
म्हणाले, विश्वास आहे ना? मग घरात गोळ्या कशाला?
मी घरी येऊन डबी उचलली,
उकिरड्यावर भिरकावली, गुडघे टेकले.
प्रभू, आता माझ्याकडे फक्त तू, असं म्हणालो.
बोललो प्रार्थनेसारखं,
मनात मात्र बाजार होता:
मी एवढं टाकलं, आता तू काय देतोस?

एकवीस दिवस ती लंगडी खेळली.
रविवारी मी उभा राहून साक्ष दिली.
टाळ्या पडल्या.
अलीशिबा चटईची काडी सोलत बसली होती.

नाताळ उलटून गेला होता,
कागदी तारा ओट्यावर तसाच लटकत होता,
त्या रात्री विळे आले.
शेजारच्या पिकअपमध्ये, भाजीच्या रिकाम्या क्रेटांमधे
आम्ही तिला गोधडीत धरून बसलो.
कोंडाईबारीच्या घाटात अलीशिबा म्हणाली,
गोळी मी रोज देत होते.
डबी त्याच रात्री शोधून आणली, कंदील घेऊन.

म्हणजे माझी साक्ष खोटी होती,
आणि तिची गोळीही पुरली नव्हती.
साक्री येईपर्यंत कोणी बोललं नाही.
देवाला दाखवायला
दोघांच्याही हातात काही नव्हतं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची म्हातारी,
सलाइनचे थेंब मोजता मोजता म्हणाली,
चिंता नको करू भाऊ, देव शे ना.
कोणता, ते तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
त्या रात्री मला फक्त एवढंच मागता आलं:
तिला पाणी जाऊ दे.
तिला थोडी झोप दे.
पहाटे चारला ती झोपली.
दुखणं गेलं नव्हतं, पण ती झोपली.

आता गोळी मीच देतो.
पहिल्या दिवशी हात थरथरला, पाप केल्यासारखा.
अलीशिबा चुलीकडे बघतच बोलली,
कौल काय एका हाताने चढवतोस?

गेल्या आठवड्यात टबीथाच्या खाटेवरचं एक कौल काढलं,
नवापूरच्या बाजारातून काचेचं आणून बसवलं.
सकाळी उन्हाचा तुकडा तिच्या पायांशी असतो,
दुपारपर्यंत कपाळाजवळ येतो.
ती त्यात पंजा धरते, बोटांच्या कडा लाल दिसतात.
बाबा, विळे तर कुठेच दिसत नाहीत.

हो, म्हणालो.
कडेचा चुना पावसाआधी पुन्हा बघायला हवा.

छप्पर उघडं ठेवलंय, प्रभू.
कधी, ते तुझं तू बघ.
दोर माझ्या हातात आहे, हात सोलवटलेत,
पण तिचं वजन
फार नाही.