चौदा की साडेपंधरा

ब्रह्मपुरीच्या दुकानात पोराने दोन उघडून ठेवले,
एक चौदा इंची, एक साडेपंधरा.
"ताई, पिक्चर पाहायचे की काम करायचं?"
मी म्हटलं, नाटकांची पोस्टरं.
वडशात. दिवाळी ते होळी.
एका पोस्टरवर बावीस तोंडं,
आणि प्रत्येकाला आपलं तोंड
शेजारच्या तोंडापेक्षा बोटभर मोठं हवं.

मग मोठाच घ्या, तो म्हणाला.
मोठ्यावर बावीसही ऐसपैस बसली,
नायिकेच्या नथीतले मोतीसुद्धा मोजता आले.
पण आत आय थ्री.
पेनड्राइव्हमधली माझी सगळ्यात जड फाईल उघडली
तर ते निळं कडं फिरायला लागलं.
मला हे कडं ठाऊक आहे.
घरच्या जुन्या डब्यावर ते फिरतं
तेवढ्यात मी चहा ठेवते, पिते, कप विसळून येते.

छोट्यात आय फाइव्ह.
"बाराव्या पिढीचा आहे," पोरगा म्हणाला,
सोयरीक जुळवणाऱ्याच्या आवाजात.
आमच्याकडे आजोबाच्या बापाचं नाव
सातबारा काढून बघावं लागतं.
आणि छोटा चार हजारांनी महाग.
लहान वस्तूला जास्त पैसे का मोजले
हे मायला सांगायचं होतं मला,
दुकानदाराला नाही.

"प्रोसेसर दिसत नाही ना ताई,
म्हणून लोकं स्क्रीन पाहून घेतात."
तो सहज बोलून गेला, कॅल्क्युलेटर शोधत.

डोमाजी गहाणे.
सत्तावीस हंगाम विंगेत, उलट्या बादलीवर बसून,
मांडीवर वही, काखेत टॉर्च.
राजा विसरला की डोमाजी.
खलनायक पिऊन आला की डोमाजी.
रात्री तीनला, कापणी झालेल्या बांधीतल्या मंडपात
थंडीने सगळ्यांचे जबडे आखडले की डोमाजी,
राजकन्येचं रडणंसुद्धा त्याच्याच तोंडून निघायचं आधी.
पुढे चादरी पांघरून बसलेल्या चार हजारांना
वाटायचं, राजाच बोलतो आहे.
एकदाच त्याला खोकल्याची उबळ आली
आणि राजा, प्रधान, राजकन्या
होते तिथेच उभे राहिले,
डोक्यावर निळं कडं फिरत असल्यासारखे.

"रॅम आठ की सोळा?"
सोळा, मी म्हटलं. चौदाचा.
दीड किलो भरतो, खांदा दुखणार नाही,
हे कारण मायसाठी वेगळं काढून ठेवलं.
मायने ते घेतलं नाही.
"टीव्हीच्या पावसंगा पडदा नाही
अन् पैसे टीव्हीच्या दुप्पट?"

पहिलं पोस्टर 'कुंकवाची थकबाकी'.
बावीस तोंडं जरा दाटीवाटीने बसवली,
कर्सर बोटाच्या मागे न कुरकुरता चालला,
चहा राहूनच गेला.
तळाशी मंडप, लाईट, जनरेटर यांच्या खाली
बोटाच्या नखाएवढी जागा उरली.
तिथे आठ पॉइंटात टाकलं:
प्रॉम्प्टर, डोमाजी गहाणे.

तो ऑफिसात आला तेव्हा दाखवलं.
आता हंगाम करत नाही, तरी येऊन बसतो.
"कोठी हाय?" म्हणाला. मग,
"कोन वाचन येवढंसं?"

मी दोन बोटांनी मोठं केलं.
नायिका पडद्याबाहेर गेली, नथ गेली,
तिकिटाचा दर गेला, जनरेटर गेला,
चौदा इंचभर फक्त त्याचं नाव.
त्याने चष्मा कपाळावर सारला
आणि ओठ हलवले,
आवाज न काढता, अक्षर अक्षर,
माझ्याकडे बघत.

आणि मला आठवेना
माझं वाक्य कोणतं होतं.