नमुना चौदा

अमळनेरला, कचेरीच्या मागल्या खोलीत
मोडी वाचायचे मला पानाला दहा रुपये मिळतात.
लोकांना फक्त जातीचा रकाना हवा असतो.
बाकीचे रकाने मी फुकट वाचतो.

सन अठराशे एक्क्याण्णव. पेठ, बोरीकाठ.
डावीकडे जन्म, उजवीकडे मरण,
मधली शिवण वाळवीने खाल्लेली,
त्यामुळे काही बाळं थेट पलीकडे पडली आहेत.

चैत्रात पटकी.
पहिल्या तिघांपुढे कारकुनाने नीट लिहिलं: पटकी.
मग ‘सदर’.
मग नुसती उभी रेघ, पानाच्या तळापर्यंत,
विहिरीत सोडलेल्या दोरासारखी.

खाली बेरीज. जन्म एकतीस, मरण अठ्ठेचाळीस.
शेजारी लाल शाईत, साहेबासाठी, दर हजारी.
वर्दी देणार म्हणून जिचा अंगठा आहे
ती ठगूबाई सुईण हसली असती:
‘हजार कोनी मोज्यात रे भाऊ?’

जन्म सांगायला चावडीवर कोण जातं,
त्यात मुलगी झाली तर!
मरणाची खबर लाकडाच्या वखारीतून आपसूक यायची.
म्हणून या वहीत कितीतरी जण
न जन्मता मेले.

मुलगी, वय आठ दिवस, नाव ठेवलं नाही.
मुलगी, वय तीन महिने, नाव
आणि इथे शाई फुटली.

जगली त्यांची नावं तरी काय:
उखर्डू, दगडू, चिंधा, पुंजा.
सुपात घालून उकिरड्यावरून ओढलेली,
मूठभर ज्वारीला विकून परत घेतलेली पोरं.
एक उखर्डू दिसला की मागे दोन ओळी असणार,
मी आता पानही उलटत नाही.

परवा धरणगावचा एक पोरगा आला.
दाखल्यावाचून इंजिनिअरिंगचा प्रवेश अडलेला.
खापरपणजोबा वेडू वल्द उखर्डू, त्याचा जन्म हवा.
चार दिवस शोधलं.
जन्म नाही. मरण सापडलं:
वेडू, वय दोन, ताप.

तो कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.
‘मग मी कुठून आलो?’

सातव्या पानावर, पुढल्या माघात, त्याच घरात
पुन्हा वेडू.
गेलेलं पोर परत आलं असं समजून
तेच नाव, त्याच बापाच्या पुढे,
आणि या खेपेला ठगूबाईचा अंगठा डावीकडे.

मी प्रत काढली, शिक्का घेऊन ये म्हटलं.
तो दारापर्यंत गेला, परत फिरला.
‘त्या पहिल्याचीही काढता का?’
ती कुठल्याच अर्जाला लागत नाही, मी सांगितलं.
‘माहीत आहे,’ म्हणाला,
आणि दहाची नोट टेबलावर ठेवून
घडी बोटाने सरळ करत बसला.