सी-सात

ताटलीत शहाण्णव घरं असतात,
आठ आडव्या ओळी, बारा उभ्या.
चार घरं माझी, पडताळ्याची.
बाकीची सिनावच्या बाजाराची:
प्रत्येकात एका शेळीचा थेंब,
रक्त नव्हे,
रक्त थिजल्यावर वर राहतं ते पिवळट पाणी.

गुरुवारी मोतालेब शेळीची मान मांडीत धरतो,
अंगठ्यानं शीर चाचपतो, बंगालीत काहीतरी पुटपुटतो,
लाल बुचाची नळी भरते.
इब्र्याला पोचेतो पेटीतल्या बर्फाचं पाणी झालेलं.
जून. बाहेर सेहेचाळीस.
माझ्या उबवणीच्या कपाटात सदतीस.
बाहेरून येऊन त्यात हात घातला
की गार वाटतं.

ही परीक्षा उलटी आहे,
नवख्याला पटता पटत नाही.
जिथं रंग चढतो तिथं काही घडलेलंच नाही.
जिथं घर कोरं राहतं
तिथून रोग येऊन गेलाय.
किंवा लस. दोन्हींतलं कोणतं, ते ताटली सांगत नाही.
रक्तानं जागा आधीच अडवलेली असते,
मी मागून पाठवलेल्या पाहुण्याला पाट उरत नाही,
धुतलं की तो वाहून जातो.
तीनदा धुवायचं,
उपडं करून टिपकागदावर आपटायचं.
(हात राखून आपट गं, शिरवळला सर ओरडायचे,
भांडी घासत नाहीयेस.)
मग अंधारात पंधरा मिनिटं निळा,
मग आम्लाचा थेंब,
आणि निळ्याची हळद.

परवा सगळ्या घरांना हळद लागली,
सी-सात कोरं.
पुन्हा केलं.
पुन्हा कोरं.

गबीशाबाईंचं करडू ते, अडीच महिन्यांचं.
फोनवर बाई उखडल्या:
माझ्या कळपात कुणाचं नाक वाहिलं नाही,
या पोराला तर सुई दिसलीसुद्धा नाही,
तुझं यंत्र खोटं बोलतंय.
डॉक्टर अल-तय्यब यांनी चष्मा कपाळावर सारला.
म्हणाले, आईचं विचार.

आईचं विचारलं.
ती मागल्या हिवाळ्यात बर्काहून आणलेली, स्वस्तात.
तिथं मर लागली होती.
तोंड आलेलं, डोळे चिकटलेले, दहातल्या सात गेल्या.
ही उरली. इथं येऊन व्याली.
पहिल्याच दिवशी करडानं चीक प्यायला.

एवढंच.

आमच्याकडे चिकाचा खरवस होतो, वेलदोडा घालून,
शेजारी वाटी जाते,
आणि वाटी कुणी रिकामी परत करत नाही.
त्यात आईची जुनी लढाई विरघळलेली असते
हे मी पुस्तकात वाचलं होतं,
ताटलीत पाहिलं नव्हतं.
न झालेल्या आजाराची ओळख.
करडाची नव्हे, उसनी.
चारेक महिन्यांत फिटते.
मग करडू मोकळं,
म्हणजे उघडं.

मी इथं आले तेव्हा माझंही रक्त काढलं होतं.
शिक्का मारला: फिट.
मुलीला अंगावरून सोडवून तेव्हा
तीन दिवस झाले होते.
त्याची तपासणी नसते.

संगणकात दोनच चौकोन, आहे आणि नाही.
मी 'आहे'वर खूण केली.
शेऱ्याच्या जागी लिहायला गेले,
आईकडून आलेलं, दोन महिन्यांनी पुन्हा बघावं.
वीसच अक्षरं मावतात.
आईकडून आलेलं, एवढं राहिलं,
पुढचं कापलं गेलं.

ऑगस्टात मोतालेब तेच करडू घेऊन आला.
वाढलं होतं. शिंगांच्या जागी टेंगळं,
शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं.
नळीवर नंबर नवा होता.
तरी मी त्याला सी-सातमध्येच घातलं.
तसा नियम काही नाही.

निळं.
मग आम्ल.
मग हळद, चांगली घट्ट,
शेजारच्या घरांहून वेगळी ओळखू न येणारी.

मोतालेब दारात उभा होता.
काय निघालं, त्यानं हातानंच विचारलं.
काही नाही, म्हटलं, संपलं.
आणि फ्रीजमधून लशीची बाटली काढून
त्याच्या बर्फाच्या पेटीत ठेवली.