दुकान वाढवणे

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर
आमची कंपनी. अकरा माणसं, नऊ खुर्च्या,
गळक्या एसीखाली एक बादली.
बादली ओतणं आणि खातेवही, दोन्ही माझ्याकडे.

आम्ही बकाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो.
खालचा मोइदीन बोट टेकवतो
आणि दही, खुबूस, रिचार्ज कार्ड,
दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रायव्हरची उधारी
आमच्या पडद्यावर उमटते.
महिन्याला तो देतो एकोणपन्नास दिरहम.
आम्हाला तो पडतो पंचाहत्तरला.

गेल्या वर्षी असे मोइदीन चाळीस होते,
आता चारशे बारा.
केक आला. टाळ्या झाल्या.
मी कॅल्क्युलेटरवर सव्वीस गुणिले चारशे बारा केलं
आणि केक चांगला होता, असं म्हटलं.

दुबईत, एकतिसाव्या मजल्यावर
पैसेवाला म्हणाला, आधी चार हजार करा,
नफ्याचं मग बघू.
एक पोऱ्या गहवा ओतत होता.
इथे कप हलवल्याशिवाय ओतणारा थांबत नाही.
तन्वीर बोलत राहिला, हात पसरून,
त्याचा कप सहादा भरला.
माझा मी दुसऱ्यांदाच हलवला.

परतताना, ट्रॅफिकमध्ये, तन्वीर:
"तुला अंथरुणाचीच काळजी.
अगं, पाय लांब झाल्याशिवाय
अंथरूण कोण देतं?"
खोटं नव्हतं ते.
माझंही नव्हतं: नफ्यात यायचं तर चौघं कमी.
आणि इथे माणूस कमी म्हणजे व्हिसा रद्द,
जोबीच्या मुलीची शाळा मध्येच,
सुहैलचं नुकतं हप्त्यानं घेतलेलं वॉशिंग मशीन
कुणाला तरी निम्म्या किमतीत.

मग भाव वाढवू, म्हणून मोइदीनकडे गेले.
"ऐंशी?" त्यानं गल्ल्याखालून
जुनी निळी वही काढली, फुंकर मारली,
काही बोलला नाही.
मला एक लबान दिलं, पैसे घेतले नाहीत.

वडिलांचं कराडला खिळे-बिजागऱ्यांचं दुकान.
रात्री फळ्या लावताना
बंद हा शब्द ते तोंडातून काढत नसत.
दुकान वाढवलं, म्हणत.
मला लहानपणी वाटायचं,
रोज रात्री ते थोडं मोठं होतं.

एक वाजता तन्वीरला फोन केला.
"दुकान वाढवायचं का?"
तो दापोलीचा. बराच वेळ गप्प.
मग हळूच, "कुठल्या अर्थानं?"

बादली काठोकाठ आली होती.
थांब, म्हटलं, ओतून येते.