किटली

रात्री अकरा दहाला फोटो आला.
विटांच्या ढिगात उभा एक मुलगा,
हातात अॅल्युमिनियमची किटली, झाकण घट्ट.
खाली कुणाचं नाव नाही.
कुणाला तरी कुणीतरी पाठवलेला,
सात हातांतून फिरलेल्या नोटेसारखा मऊ पडलेला.

डाक आवृत्तीची गाडी पावणेबाराला इंदापूरकडे सुटते.
पान एकवर चार कॉलम रिकामे.
खोपडेसाहेब काचेआडून ओरडले,
"लावा की! लहान मूल आहे, अजून काय पुरावा पाहिजे?"

लहान मूल हाच तर घोळ.
त्याच्याकडे पाहिलं की डोळे भरतात
आणि भरल्या डोळ्यांना मागची पाटी वाचता येत नाही.

मी युनूस अत्तारला हाक मारली.
तो पूर्वी कॅम्पात लग्नांचे फोटो काढायचा.
कोण आपणहून हसतंय, कुणाला हसवलंय,
कुठला रुसलेला मामा ओढून आणून उभा केलाय,
त्याला निगेटिव्हमध्येसुद्धा कळायचं.
चष्मा कपाळावर चढवून त्यानं पडद्याला नाक लावलं.
"सावली लांब पडलीय. म्हणजे सकाळ, नाहीतर संध्याकाळ.
बातमीत हल्ला भरदुपारचा.
आणि ताई, एवढ्या धुळीत किटली लखलखीत कशी?"

पाटीवरची लिपी वाचायला
डेक्कन कॉलेजातल्या एका बाईंना झोपेतून उठवलं.
"इथे चाव्या बनवून मिळतील," त्या म्हणाल्या,
"एवढंच आहे. गावाचं नाव नाही."
चाव्या.
त्या गल्लीत एकही दार उरलं नव्हतं.

खरं सांगते, मी काही पहिल्यापासून एवढी सोवळी नव्हते.
नोकरीच्या तिसऱ्या वर्षी असाच एक फोटो लावला होता,
सहा कॉलम, वर माझं शीर्षक.
सकाळी खडकीहून फोन आला. निवृत्त सुभेदार,
आवाज अगदी शांत.
"बाई, हे युद्ध नाही. हा भूकंप आहे.
तिथे ढिगारे उपसलेत मी.
डाव्या कोपऱ्यात घमेलं दिसतंय ना, ते माझं."

मेलेली माणसं खोटी नव्हती.
आम्ही फक्त त्यांचं मरण
दुसऱ्याच्या नावावर चढवलं होतं,
तलाठ्यानं सातबारा फिरवावा तसं,
एका रात्रीत, एका ओळीत.
खुलासा छापला आतल्या पानावर, राशिभविष्याखाली.
सुभेदारांचा पुन्हा फोन आला नाही.
मी मात्र अजून कुठल्याही फोटोत
आधी डावा कोपरा बघते.

पावणेबाराला पाच कमी.
मी फोटो काढला आणि त्या जागी
खडकवासल्याच्या पाणीसाठ्याचा आलेख ताणून बसवला.
खोपडेसाहेब दिवा न मालवता घरी गेले.

सकाळी अप्पा बळवंत चौकातल्या स्टॉलवर
चिमट्यांना लटकलेली किटली, किटली, किटली,
आणि मधे आमचं धरण.

तिसऱ्या दिवशी फोटो काढणारा सापडला.
त्यानं मूळ फोटो पाठवला,
त्याच्या आधीचे नऊ, नंतरचे चार.
हल्ला दुपारचाच.
मुलगा परतला संध्याकाळी.
किटली आईची. पाचव्या फोटोत
तो ती शर्टाच्या टोकानं पुसताना दिसतो.

आमची प्रत्येक शंका रास्त होती
आणि फोटो खरा होता.

मग छापला. पान सात, दोन कॉलम.
गावाचं नाव, वेळ,
फोटो काढणाऱ्याचं नाव तीनदा विचारून.
सहकारनगरातून एका वाचकाचा फोन:
"शिळा फोटो छापता?"
हो, म्हटलं. शिळा आहे.

युनूस उशिरापर्यंत पडद्यासमोर बसून होता.
"झाकण त्यानं एकदाही उघडलेलं नाही," म्हणाला,
"चौदाही फोटोंत."

आत काय होतं ते आम्ही लिहिलं नाही.
आम्हाला माहीत नव्हतं.