एक चमचा

इथे त्याला डायबेटीस कुणी म्हणत नाही.
'तिला साखर आहे,' म्हणतात,
जसं म्हणावं, तिला शेत आहे, तिला भाऊ आहेत.
मला साखर आहे, वेंडेल, नवव्या वर्षापासून.
एल्स्टनकाकालाही होती.
आधी अंगठा गेला, मग पाऊल,
मग तो नदीकाठच्या बाकावर बसून
नसलेल्या बोटांना सुटलेली खाज सांगायचा.

आणि मी कामाला कुठे, तर बेन्येच्या दुकानात,
न्यू ऑर्लिन्समध्ये, रात्रपाळीला,
जिथे तळलेल्या चौकोनांवर पिठीसाखर
इतकी भुरभुरतात की गिऱ्हाईक हसलं
तरी धूर निघतो.
बोटं न धुता टोचलं तर यंत्र खोटं बोलतं:
चारशे दहा.
धुऊन पुन्हा: एकशे बावीस.
किती वेळा घाबरलेय मी
दुसऱ्याच कुणाच्या न्याहारीला.

तू पावणेतीनला मागच्या दाराशी यायचास,
लांब काळा कोट, जुलैतसुद्धा.
तुमच्या मंडळात तुझं नाव भलतंच,
राजघराण्यातलं. टायरच्या दुकानात मात्र वेंडेल.
माणसं बोलण्यापुरती एकमेकांचं रक्त पितात,
तू खरंच प्यायचास,
विचारून, सही घेऊन, कोरी सुई फोडून.
माझ्या दंडातले दोन चमचे.
पहिल्या रात्री ओठ पुसत म्हणालास, 'गोड आहे तुझं.'

खोटं. मी हिशोब केलाय.
माणसाच्या साऱ्या रक्तात मिळून साखर
एक चमचा. सपाट, शीग नाही.
माझ्या वाईट दिवशी चार.
पाच लिटरच्या पातेल्यात चार चमचे,
असला चहा तू परत पाठवला असतास.
रक्त खारट असतं, जुन्या नळाच्या चवीचं.
मला विचार, टोचलेलं बोट चोखणारी मी.
दवाखान्यातली नर्स डाफरते,
पूस, चाटू नको, तोंडात काय काय असतं.
तुझ्या तोंडात काय होतं
ते तिला विचारायचं सुचलंच नाही.

आज कोट नाही.
दिव्याखाली तुझे डोळे
चौथ्या दिवशीच्या तळणाच्या तेलासारखे.
यकृत, म्हणालास. हेपटायटीस.
फेब्रुवारीत, मिरवणुकीच्या रात्री,
मुखवट्यातल्या कुणीतरी मनगट पुढे केलं
आणि तू कागद मागितला नाहीस.
डॉक्टरने विचारलं, सुया टोचून घेतोस का?
नाही म्हटलं, पितो.
त्याने पेन खाली ठेवलं.
जे ताकद म्हणून गिळलंस
ते पोटाला लोखंडच वाटायचं,
म्हणून तर घोट मोठा झाला की ओकायचास,
आणि मला वाटायचं, भक्ती.

'तूही तपासून घे,' एवढं सांगायला
दोन बस बदलून आला होतास.
मला ओरडायचं होतं. शब्दही तयार होते.
पण शब्दांना दोन दोन कडा दिसायला लागल्या,
मानेवर गार घाम, ॲप्रनची गाठ सुटेना.
यंत्र: अठ्ठेचाळीस.
होता तो एक चमचाही अर्धा झालेला.

मी भिंतीला टेकून खाली घसरत होते
आणि तू, मूर्खा, आधी हात धूत होतास,
कोपरापर्यंत, साबणाने, आकडे मोजत.
मग संत्र्याचा रस, त्यात पिठीसाखर,
न फोडलेल्या पिशवीतली.
एक चमचा. गिळ. अजून एक.
चांगली बातमी आणणाऱ्याच्या
तोंडात साखर पडो म्हणतात.
तू ही असली बातमी आणलीस
आणि साखर माझ्या तोंडात घातलीस.

पंधरा मिनिटं आपण फरशीवर बसलो.
आत कुणीतरी ट्रे आपटला.
मी बोट टोचलं. थेंब वर आला,
लाल, गोल, नेहमीसारखा.
तू पाहिलंस. मान वळवलीस.
न बघताच कापूस पुढे केलास.

एक्क्याण्णव.

'बोट धुतलं होतंस ना?' तू विचारलंस.
मला आठवेना.